ओरिजिनल विंडोज म्हणून २२०० ला चुना लावून घेतला

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. लॅपटॉप माझा २०१७ चा, विंडोज १० सकट घेतलेला. एक दिवस चालू केला तर नुसतं 'प्रिपेरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' येतंय, बंद होतंय, परत तेच. म्हटलं रिपेअर करतोय म्हणतोय तर करू दे, रात्रभर तसाच ठेवला, सकाळी बघतो तर जैसे थे. मग आमच्या साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात नेला (नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको).

तिथल्या पोरानं बघितलं न बघितलं, "काका, विंडोज करप्ट झालंय, रिपेअर बिपेअर काय होत नसतंय, नवीन टाकायला लागंल." डेटाचं काय विचारलं तर "डी ड्राइव्हमधलं राहतंय की." आता माझ्या डी मध्ये काय, गाणी आणि पिक्चर! खरं सामान सगळं डेस्कटॉपवर, पोरीच्या बारशाचे फोटो, सोसायटीचे तीन वर्षांचे हिशेब, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, नवीन विंडोज टाकताना तोच पुसला जातो, हे मला कुठं माहीत, त्यानंही विचारलं नाही. वर भाव दोन, साधं ५०० आणि ओरिजिनल २२००. मी शहाणा, ओरिजिनल घेतलं. बिल मागितलं तर "मग जीएसटी वेगळा पडंल", गप्प बसलो. येताना मोती चौकातनं कंदी पेढे पण घेतले, लॅपटॉप चालू झाला म्हणून.

पुढच्या आठवड्यात भाचा आला पुण्याहून. सेटिंगमध्ये बघून म्हणाला, मामा हे विंडोजचं प्रो एडिशन कसं, तुमच्या खोक्यावर तर होम सिंगल लँग्वेज लिहिलंय. मग काळ्या खिडकीत 'एसएलएमजीआर' का कायतरी टाइप केलं तर अ‍ॅक्टिव्हेशन संपायची तारीख आली, सहा महिन्यांच्या आतली. विकत घेतलेल्याला तारीख नसते म्हणे, तिथं 'पर्मनंटली' येतं. ही मोठ्या ऑफिसातली एकदम बऱ्याच कॉम्प्युटरचं विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायची केएमएस पद्धत, १८० दिवसांची, तिची नक्कल करणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलेलं, आणि ते पकडलं जाऊ नये म्हणून डिफेंडरला (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) त्या फोल्डरकडं बघूच नको सांगून ठेवलेलं. ह्याच लॅपटॉपवर मी नेट बँकिंग करत होतो राव!

खरं दुखलं ते पुढंच. माझ्या विंडोजची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, आधीपासून लॅपटॉपच्या बायोसमध्येच (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) होती. भाच्यानं ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं फुकट उतरवून तेच होम सिंगल लँग्वेज टाकलं, नेट लावल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. आणि मुळात त्या रिपेअरच्याच निळ्या पडद्यावर ट्रबलशूटमध्ये 'रिसेट धिस पीसी' असतं, त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं असतं तर बहुतेक डेस्कटॉप वाचला असता. ते नसतं जमलं तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून आधी कॉपी तरी मारता आली असती. दुकानात द्यायच्या आधी एवढं करून घ्या, आणि एडिशन कुठलं आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जाब विचारायला गेलो तर म्हणतोय, "काका १० बंदच झालंय, १५०० द्या ११ टाकतो." १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चे नेहमीचे अपडेट थांबले हे खरं, पण २२०० घेताना नाही आठवलं त्याला! आणि ११ माझ्या सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरला कंपनीच चालत नाही म्हणते.

फोटो रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं निम्मे आले, त्यातले बरेच खालनं करडे पट्टे असलेले. हिशेब गेले ते गेलेच, पावत्यांच्या पिशव्या काढून परत लिहितोय, आणि चेअरमन रोज जिन्यात गाठून विचारतात कुठवर आलं.