माळढोक: प्रजनन केंद्र की मोकळा माळ?

माळढोक हा नामशेष होत चाललेला, गवताळ माळावर राहणारा मोठा पक्षी. त्याची मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्या-कोल्ह्यानं ते पळवलं की बहुतेकदा तो हंगाम वाया गेला. म्हणून राजस्थानात सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत रानातून आणलेली अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कामात २०२४ साली कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्माला आलं. मला त्या बातमीनं फार आनंद झाला.

पण ते पिल्लू मोठं झाल्यावर सोडायचं कुठे?

दुसरा मार्ग माळ राखण्याचा, आणि तो जास्त अवघड. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे उडताना समोरचं कमी दिसतं. पंधरा किलोपर्यंत भरणाऱ्या नराला ऐनवेळी वळता येत नाही. तो विजेच्या तारेवर आदळतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, पण मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेतला. पक्ष्यांना तारा दिसाव्यात म्हणून त्यांवर चकत्या लावणं स्वस्त, पण तार तिथेच राहते.

सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ पासून अभयारण्य आहे, तरी तिथे माळढोक दिसणं आता अगदी दुर्मीळ. भोवतीच्या माळावर ऊस आणि द्राक्षं आली.

केंद्रामुळे थोडा अवधी मिळतो, म्हणून ते हवंच. निवड करायचीच झाली, तर मी आधी तारा आणि गवताकडे बघेन.