एकाच ग्रो बॅगेत चार झाडं : सोलापूरच्या गच्चीवर उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

गेल्या फेब्रुवारीत छोट्या कुंड्या कमी करून २४ इंच व्यासाच्या, १२ इंच उंचीच्या तीन एचडीपीई ग्रो बॅगा, म्हणजे झाडं लावायच्या जाड प्लास्टिक कापडाच्या पिशव्या, घेतल्या आणि एकेकीत चार-चार झाडं लावली. आता उन्हाळा, पावसाळा दोन्ही होऊन गेलेत. सोलापुरात गच्ची असणाऱ्या कुणालाही मी हेच सुचवेन. फक्त झाडं निवडताना रंगाआधी त्यांची तहान बघा.

छोट्या कुंडीत माती थोडी आणि मुळं कडेला टेकलेली. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की कड तापते आणि मुळं भाजतात. या बॅगेत ऐंशीएक लिटर माती मावते, त्यामुळे मधला भाग भर दुपारीही गार राहतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात सकाळी एकदा घातलेलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत पुरणं ही केवढी सोय आहे!

उन्हातल्या बॅगेत मधे स्नेक प्लांट, बाजूला कोरफड आणि जेड, कडेने चिनी गुलाब. चौघांनाही माती वाळल्यावरच पाणी लागतं. चिनी गुलाब एप्रिलपासून इतका फुलला की बॅगेची कड दिसेनाशी झाली. दुसरी बॅग पन्नास टक्के ऊन अडवणाऱ्या हिरव्या नेटखाली : कोलियस, सिंगोनियम, स्पायडर प्लांट आणि कडेने सोडलेला मनी प्लांट. यांना ओल हवी. कोलियसचे शेंडे खुडत राहिलं तरच तो भरगच्च होतो. तिसरीत सदाफुली, तुळस, ओवा आणि पुदिना. पुदिना मात्र वेगळ्या कुंडीसकट मातीत बसवलाय, मोकळा सोडला तर वर्षभरात सगळी बॅग त्याचीच होते.

मातीबद्दल जरा सविस्तर सांगते. आपली काळी माती शेतात सोनं, पण बॅगेत नुसती तीच घातली तर ओली असताना चिकट आणि वाळली की दगड होते, भेगा पडतात. मी लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत साधारण सारखं घेतलं. उन्हातल्या बॅगेत कोकोपीट कमी करून जाड वाळू वाढवली. तळाशी विटांचे तुकडे घालायची पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. पाणी बारीक मातीतून खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, तुकड्यांच्या वरच अडतं. भोकं मोकळी असली की पुरे. वर उसाचं पाचट पसरलं, आपल्या जिल्ह्यात त्याला काय तोटा! त्याने ओल टिकते. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. एसीचं पाणी मात्र चांगलं.

उणिवा आहेत. एक झाड काढायचं तर शेजारच्याची मुळं दुखावतात. माती काही महिन्यांत तीन-चार बोटं खाली बसते, भर घालावी लागते. हँडलची शिवण उन्हाने विरली, बॅगेचं कापड मात्र शाबूत आहे. भिजलेली बॅग क्विंटलच्या आसपास भरते, म्हणून ती खाली बीम असेल तिथे, विटांवर आणि आधीच जागा ठरवून ठेवा. भाड्याच्या घरात राहत असाल आणि वर्ष-दोन वर्षांत सामान हलणार असेल, तर १२ इंच व्यासाच्या छोट्या बॅगेत दोनच झाडं लावलेली बरी.