पाचगणीतल्या छोट्या खोलीत लाकडाचा फायरप्लेस इन्सर्ट, ५ किलोवॅट भरपूर होतो

आमचं पाचगणीतलं घर जुनं, जांभ्याच्या भिंती, पुढच्या खोलीत इंग्रजांच्या काळातली फायरप्लेस. दिसायला लय भारी, पण उघड्या फायरप्लेसची ८०-९० टक्के ऊब धुराड्यातनं वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवापण ओढून नेते, त्यामुळं गुडघे भाजायचे आणि पाठ गारच. म्हणून त्यात काचेच्या दाराचा इन्सर्ट, म्हणजे फायरप्लेसच्या कोनाड्यात बसणारी बंद भट्टी, बसवला. हिवाळा पावसाळा दोन्ही काढून मग लिहितोय, आणि मी एकदम खूश आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, मोठा घेऊ नका. विकणारा १० किलोवॅटच्याच मागं लागला होता, पण आमची खोली १० बाय १२, उंची १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. १०-१२ घनमीटरला १ किलोवॅट असा ढोबळ हिशोब धरला तरी ३-४ मध्ये भागतंय, म्हणून ५ चा घेतला. मोठा घेतला की खोलीत उकडायला लागतं, मग माणूस हवा बंद करून आग दाबतो, आणि दबलेल्या आगीतला धूर नीट जळत नाही, काच काळी होते, चिमणीत डांबरासारखा चिकट थर बसतो आणि पुढं तोच थर पेट घेतो. छोटा इन्सर्ट मोकळ्या हवेवर चांगला धडधडू द्यायचा, तो स्वच्छ जळतो.

वाचलेले पैसे लायनरवर, म्हणजे चिमणीच्या आतनं न्यायच्या पाइपवर घाला. जुनी चिमणी रुंद आणि गारेगार, त्यात धूर थंड होऊन तिथंच रेंगाळतो, म्हणून आतनं ६ इंची स्टेनलेस स्टीलचा पाइप वरपर्यंत नेला आणि वर टोपी, नाहीतर इथल्या पावसात पाणी सरळ भट्टीत येणार. आणि गवंड्यावर लक्ष ठेवा, इन्सर्टच्या खालनं गार हवा आत जाते आणि वरच्या फटीतनं गरम बाहेर येते, त्या फटी तो सिमेंटनं गुळगुळीत लिंपायला निघाला होता, वेळेत थांबवला. माप घेताना कोनाड्याची मागची रुंदीपण मोजा, जुने कोनाडे मागं निमुळते असतात.

लाकडाचं म्हणाल तर २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, त्यामुळं इथलं झाड तोडायचा विचारपण नको. आम्ही खाली वाईकडनं बाभळीचं सरपण आणतो, पावसाळ्याच्या आधीच फोडून छपराखाली रचून ठेवतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणीच असतं, जाळायला २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. दोन ढलपे एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत वाजलं आणि टोकाला भेगा दिसल्या तर वाळलंय, दबका आवाज आला तर परत रचून ठेवा. ओलं लाकूड घातलं तर कितीपण महागाचा इन्सर्ट घ्या, धूरच काढणार.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, हात जोडून सांगतो. त्या गॅसला वास नाही रंग नाही, बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बातम्या आपण वाचतोच की. थंडी लागते म्हणून खिडक्यांच्या सगळ्या फटी बुजवू नका, आगीला हवा लागते.

गरम हवा खोलीत ढकलणाऱ्या पंख्याचं मॉडेल घेतलं नाही, पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि एवढ्या खोलीत गरज पडत नाही. काच पुसायला फवारा बिवारा काही लागत नाही, ओल्या पेपरला त्यातलीच बारीक राख लावून घासायची, लख्ख निघते, फक्त काच पूर्ण गार पाहिजे. दाराच्या कडेला दोरीसारखं सील असतं ते मात्र झिजतं. दारात कागद धरून दार लावा आणि ओढून बघा, सहज निघाला तर दोरी बदला. मी एक जादाची मागवून ठेवलीय, कारण इथं लगेच मिळत नाही.