कोलोरॅडोला शिफ्ट होताय? ८०१२९, ८०५१६ की ८०४२४ : झिप आणि लोकसंख्येचे आकडे शेजारी ठेवून

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन घरांतून एकच प्रश्न आला, आम्ही कोलोरॅडोत येतोय, नोकरी डेन्व्हर नाहीतर बोल्डर साइडला आहे, कुठला झिपकोड चांगला ते सांगा. सोबत कुठल्यातरी साइटचा स्क्रीनशॉट, त्यात झिपसमोर लोकसंख्या, उत्पन्न, शाळांचे रेटिंग सगळं एका ओळीत. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगितलं, आता एकदाच नीट लिहून ठेवते. आम्ही स्वतः घर शोधताना याच स्क्रीनशॉटवर विसंबलो होतो आणि त्यात दोन महिने गेले.

पहिली गोष्ट झिपबद्दल. झिप हा पोस्टाचा नंबर आहे, १ जुलै १९६३ ला सुरू झाला, पत्रं लवकर छाटली जावीत म्हणून. पहिला आकडा मोठ्या विभागाचा, ८ मध्ये कोलोरॅडोबरोबर युटा, वायोमिंग, आयडाहो, नेवाडा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको येतात, आणि पहिले तीन आकडे मिळून छाननीचं केंद्र, कोलोरॅडोत ते ८०० पासून ८१६ पर्यंत. आपल्या पिनकोडचंही तसंच आहे, १५ ऑगस्ट १९७२ ला तो आला, ती सगळी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली, मराठी माणूस, संस्कृतमध्ये कविता लिहिणारा, मला याचा फार अभिमान वाटतो. पण ४११०३८ म्हटलं की कोथरूड हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की इथेही आपण झिप म्हणजे गाव असं धरून चालतो. झिपला गावाची हद्द कळत नाही, काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, कळत नाही, शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टची तर अजिबातच नाही, तो पोस्टमनच्या फेऱ्यांचा गठ्ठा आहे.

मग झिपची लोकसंख्या कुठून येते? जनगणना खातं २००० च्या जनगणनेपासून झिपसारखे दिसणारे तुकडे तयार करतं, त्यांना झेडसीटीए म्हणतात. जनगणनेच्या ज्या ब्लॉकमध्ये, म्हणजे सगळ्यात छोट्या भागात, ज्या झिपचे पत्ते जास्त तो अख्खा ब्लॉक त्या झिपच्या नावावर. त्यामुळे आकडा साधारण जुळतो पण नेमका तुमच्या पत्त्याचा नसतो, आणि ज्या झिपमध्ये फक्त पोस्ट बॉक्स आहेत त्याला तर बहुतेकदा असा तुकडाच मिळत नाही.

राज्याचं चित्र आधी डोक्यात ठेवा. २०१० मध्ये ५०,२९,१९६ लोक होते, २०२० मध्ये ५७,७३,७१४. दहा वर्षांत जवळपास पंधरा टक्के वाढ, म्हणूनच अमेरिकेच्या संसदेत, काँग्रेसमध्ये, आठवी जागा मिळाली. एवढा डोंगराळ प्रदेश, सरासरी उंची बघितली तर अख्ख्या अमेरिकेत पहिला नंबर, पण माणसं राहतात ती डोंगराच्या पूर्वेला पायथ्याशी, आय-२५ हायवेच्या दोन्ही बाजूंना, ज्याला सगळे फ्रंट रेंज म्हणतात. तुमचीही निवड बहुतेक तिथलीच होणार, प्रश्न एवढाच की डेन्व्हरच्या दक्षिणेला की उत्तरेला.

दक्षिणेकडे सगळे आधी हायलँड्स रँच बघतात, झिप ८०१२६, ८०१२९, ८०१३०. इथे पत्त्याचा पहिला घोळ. बऱ्याच पत्त्यांवर गावाचं नाव लिटलटन लिहिलेलं असतं, मग माणूस लिटलटनची लोकसंख्या शोधतो आणि त्याला ४५,६५२ आकडा मिळतो, आणि वाटतं छोटंसं गाव आहे. प्रत्यक्षात हायलँड्स रँच वेगळं, ते डग्लस काउंटीत, तिथे १,०३,४४४ लोक, म्हणजे पाकिटावर ज्याचं नाव आहे त्याच्या दुपटीहून मोठं. आणि ते कायद्याने शहरच नाही, महापौर नाही, नगरपालिका नाही, कामं काउंटी आणि मेट्रो डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या वस्तीपुरता कर घेणारी सरकारी संस्था, बघतात. शेजारच्या सेंटेनिअलचंही असंच, २००१ मध्ये शहर झालं, १,०८,४१८ लोक, पण तिथल्या कितीतरी पत्त्यांवर अजून एंगलवूड किंवा लिटलटन दिसतं. आपलं मोठं मंदिर, हिंदू टेंपल अँड कल्चरल सेंटर ऑफ द रॉकीज, ते या सेंटेनिअलमध्येच आहे, त्यामुळे दक्षिणेला राहणाऱ्यांना गणपतीला, दिवाळीला जाणं सोपं पडतं.

आता वाढ बघा, मला वाटतं निर्णयासाठी हाच आकडा सगळ्यात कामाचा आहे आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमका तोच नसतो. हायलँड्स रँच २०१० मध्ये ९६,७१३ होतं, म्हणजे दहा वर्षांत सात टक्केच वाढलं, गाव भरलेलं आहे, झाडं मोठी झालीत, रस्ते पार्क सगळं तयार. त्याच काउंटीतलं पार्कर ४५,२९७ वरून ५८,५१२, आणि थोडं खाली कॅसल रॉक ४८,२३१ वरून थेट ७३,१५८. भरलेल्या गावाचा एक तोटा लवकर लक्षात येत नाही, ज्या जोडप्यांनी नव्वदच्या दशकात घरं घेतली त्यांची मुलं कॉलेजला गेली, ती घरं विकत नाहीत, तरुण कुटुंबांना महाग पडतात, मग प्राथमिक शाळेत मुलं कमी होतात. २०२५ मध्ये हायलँड्स रँचमधल्या काही प्राथमिक शाळा दुसऱ्या शाळांत मिसळायचं डिस्ट्रिक्टने ठरवलं ते यामुळेच. तरी एक मोठा फायदा सांगते, डग्लसमध्ये पूर्ण काउंटीचा एकच स्कूल डिस्ट्रिक्ट आहे, त्यामुळे काउंटी कळली की डिस्ट्रिक्ट कळला, डोक्याला ताप नाही. फक्त ८००१६ सारख्या झिपला जपून, त्याच्यावर नाव ऑरोराचं पण तो अरापाहो आणि डग्लस दोन्ही काउंट्यांत पसरलाय, तिथे चेरी क्रीक डिस्ट्रिक्ट की डग्लस हे घर बघूनच ठरतं.

उत्तरेला गोष्ट पूर्ण वेगळी. बोल्डरपासून सुरू करू कारण उत्तरेचं सगळं गणित बोल्डरने घडवलंय. या शहराने १९५९ मध्ये डोंगरावर एक रेष आखली, तिच्या वर पालिकेचं पाणी द्यायचं नाही असं लोकांनी मतदानाने ठरवलं, मग १९६७ मध्ये मोकळी जमीन विकत घ्यायला विक्री कर लावला, १९७६ मध्ये दरवर्षी किती घरं बांधायची यावर मर्यादा आणली. त्यामुळे शहराभोवती हिरवा पट्टा आहे, सुंदर आहे, जाऊन बघाच, पण घरांची संख्या हळूच वाढते आणि किमती परवडण्यापलीकडे गेल्या. २०१० मध्ये ९७,३८५, २०२० मध्ये १,०८,२५०, आणि त्यात विद्यापीठाची मुलं आहेत, कारण जनगणनेत विद्यार्थी जिथे शिकायला राहतो तिथेच मोजला जातो. म्हणून बोल्डरच्या झिपमध्ये सरासरी उत्पन्न कमी आणि भाडेकरू जास्त दिसले तर तो भाग गरीब आहे असं समजू नका.

बोल्डरमध्ये नोकरी आणि घर मात्र बाहेर, असं हजारो लोक करतात, आणि ते येऊन थांबतात लुईव्हिल, सुपीरिअर, लाफायेट, ब्रूमफील्ड, ईरीमध्ये. ब्रूमफील्ड ५५,८८९ वरून ७४,११२ झालं. हे शहर आधी चार काउंट्यांत विभागलेलं होतं, २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ते स्वतःच एक काउंटी झालं, म्हणजे टॅक्स आणि कागदपत्रांचं काम एका जागी, पण शाळांचे डिस्ट्रिक्ट जुने तसेच राहिले, एकाच शहरात बोल्डर व्हॅली, ॲडम्स ट्वेल्व्ह, जेफरसन असे अनेक, त्यामुळे ८००२० किंवा ८००२३ एवढं सांगून शाळा कळत नाही.

ईरी, ८०५१६. आमचे दोन महिने गेले ते इथे. या गावाची वाढ बघा, १८,१३५ वरून ३०,०३८, दहा वर्षांत पासष्ट टक्क्यांच्या वर. आम्ही झिपवरून लिस्टिंग बघत होतो, दोन घरं आवडली, एकाच झिपमधली, गाडीने पाच मिनिटांचं अंतर, किंमत जवळपास सारखी. मधून जाणाऱ्या रस्त्याचं नावच काउंटी लाइन रोड आहे आणि त्याच्या पश्चिमेला बोल्डर काउंटी, पूर्वेला वेल्ड काउंटी हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आमच्या एजंटनेही नाही. शाळांचं पण तेच, काही भाग सेंट व्रेन व्हॅलीत, काही बोल्डर व्हॅलीत. आणि प्रॉपर्टी टॅक्सचा हिशोब केला तेव्हा नवीन वस्तीतल्या घराचा आकडा बघून आम्ही गप्पच झालो, कारण कोलोरॅडोत नवीन कॉलनीचे रस्ते, पाणी, गटारं यासाठी मेट्रो डिस्ट्रिक्ट कर्ज काढतो आणि ते कर्ज तिथले घरमालक प्रॉपर्टी टॅक्समधून वर्षानुवर्षं फेडतात. हे झिपच्या कुठल्याच टेबलमध्ये दिसत नाही. वेगाने वाढणाऱ्या आकड्याचा अर्थ नवीन शाळा, नवीन घरं, शेजारी तुमच्याच वयाचे, मुलांना खेळायला मुलं, हे सगळं खरं, पण सोबत हा बोजा आणि दर काही वर्षांनी बदलणाऱ्या शाळांच्या हद्दी.

८००२७ बद्दल थोडं थांबून सांगायचंय. या एका झिपमध्ये लुईव्हिल आणि सुपीरिअर दोन वेगळी गावं आहेत, २१,२२६ आणि १३,०९४ लोक, दोघांचा विक्री कर वेगळा, कौन्सिल वेगळी. पण जनगणनेचा आकडा १ एप्रिल २०२० चा आहे आणि ३० डिसेंबर २०२१ ला मार्शल फायर नावाचा वणवा लागला, प्रचंड वाऱ्यात काही तासांत हजाराच्या वर घरं जळून गेली, त्यात या दोन गावांतली सगळ्यात जास्त. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला अर्ध्या तासात मुलं आणि पासपोर्ट घेऊन निघावं लागलं. त्यामुळे २०२० चा आकडा दाखवून हे गाव असं आहे असं कोणी सांगितलं तर तो आगीच्या आधीचा आहे हे लक्षात ठेवा, आणि घर बघताना इन्शुरन्सचा कोट आधी काढा, नंतर नाही. कारच्या इन्शुरन्समध्ये मात्र झिपला खरंच किंमत आहे, गाडी कुठल्या झिपमध्ये उभी राहते त्यावर हप्ता बदलतो.

ताजे आकडे हवे असतील तर एक गोष्ट माहीत असू द्या. जनगणना खात्याचा दरवर्षीचा सर्व्हे असतो, एसीएस, त्याचे एका वर्षाचे सविस्तर आकडे फक्त ६५ हजार किंवा जास्त वस्तीच्या जागांचे येतात. म्हणजे ब्रूमफील्ड, हायलँड्स रँच, कॅसल रॉक यांचे मिळतील, ईरीसारख्या गावांसाठी पाच वर्षांची सरासरी. सगळ्या झिपचे आकडे तर पाच वर्षांचेच असतात. ईरीसारख्या वाढणाऱ्या जागेत पाच वर्षांची सरासरी म्हणजे आज जे आहे त्याच्या मागेच. शिवाय प्रत्येक आकड्यासमोर चूक किती असू शकते तेही छापलेलं असतं, छोट्या झिपला ती इतकी मोठी असते की दोन झिपमधला फरक खरा की नुसता सॅम्पलचा खेळ ते सांगता येत नाही.

आपली माणसं किती हे पण सगळे विचारतात. सर्व्हेत घरी कुठली भाषा बोलता हा प्रश्न असतो, पण नेहमीच्या मोठ्या टेबलमध्ये गुजराती, हिंदी, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळ आहे आणि आपण "नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा" या एकाच ओळीत. मला ते बघून वाईट वाटलं होतं. त्यामुळे अमुक झिपमध्ये इतके मराठी असं कोणी ठामपणे म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि फोर्ट कॉलिन्स थोडक्यात, कारण तिथे नोकरी असेल तरच जा. स्प्रिंग्ज ४,७८,९६१ लोकांचं शहर, आणि त्याची एल पासो काउंटी ७,३०,३९५, म्हणजे डेन्व्हरच्या ७,१५,५२२ पेक्षाही मोठी. घरं तुलनेने स्वस्त, पण डेन्व्हर सत्तर मैल, रोज हे अंतर कापायचा विचार सोडा. तिथे सैन्याची मोठी ठाणी आहेत, ८०८४० हा झिप एअर फोर्स अकादमीचा, तिथले बहुतेक लोक विशीतले कॅडेट, त्या झिपची सरासरी वयं बघून शहराबद्दल काही ठरवू नका. फोर्ट कॉलिन्स १,६९,८१०, कॉलेजचं शांत गाव, मला खूप आवडतं, पण डेन्व्हरपासून तेही दूरच.

आता डोंगरातलं, कारण घरून काम करणारे हमखास विचारतात. ब्रेकेनरिज ८०४२४, फ्रिस्को ८०४४३, व्हेल ८१६५७. यातली पहिली दोन ज्या समिट काउंटीत आहेत तिथे २०१० मध्ये माणसं होती २७,९९४ आणि घरं त्याहून जास्त, कारण कितीतरी घरं सुट्टीपुरती आहेत आणि त्यांचे मालक डेन्व्हर नाहीतर टेक्ससमध्ये मोजले जातात. २०२० मध्ये ३१,०५५. व्हेल ४,८३५. हे आकडे वाचून शांत गाव असेल असं वाटतं आणि मग जानेवारीच्या शनिवारी स्कीइंगच्या गर्दीत आयझेनहॉवर टनेलच्या तोंडाशी दोन तास आय-७० हायवेवर उभं राहिल्यावर कळतं की गावात त्या दिवशी माणसं किती आहेत. अशा गावांत बऱ्याच ठिकाणी घरपोच टपाल येत नाही, पोस्ट ऑफिसात बॉक्स घ्यावा लागतो, पत्ता दोन प्रकारे लिहावा लागतो, बँकेचं कार्ड परत जातं, औषधाचं पार्सल अडतं. ब्रेकेनरिज ९,६०० फुटांवर आहे, म्हातारे आई-वडील भारतातून सहा महिन्यांसाठी येणार असतील तर उंचीचा विचार आधी करा, डॉक्टरांना विचारून.

झिप आणि काउंटी जवळपास एक होतात अशी एक जागा आहे, सान ह्वान काउंटी, सिल्व्हरटन हे एकच गाव, झिप ८१४३३, आणि २०२० मध्ये अख्ख्या काउंटीत ७०५ माणसं. बाकी सगळीकडे पूर्ण पत्ता घ्या, काउंटीच्या असेसरच्या, म्हणजे मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या, साइटवर टाका, तिथे टॅक्स आणि मेट्रो डिस्ट्रिक्ट दोन्ही कळतं, मग तोच पत्ता स्कूल डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाका.

मला विचाराल तर नोकरी दक्षिणेला डेन्व्हर टेक सेंटरकडे असेल आणि मुलं मिडल स्कूलच्या वर असतील तर डोळे मिटून हायलँड्स रँच, नवीन गावाच्या बदलत्या हद्दींत मोठ्या मुलांना अडकवू नका. मुलं लहान आणि नोकरी बोल्डर किंवा डेन्व्हर-बोल्डरच्या यूएस-३६ हायवेवर असेल तर ब्रूमफील्ड, आणि ईरी हवंच असेल तर जुन्या भागातलं घर शोधा. एक लक्षात घ्या, उत्तरेला ट्रेनच्या भरवशावर घर घेऊ नका, २००४ मध्ये लोकांनी मत देऊन टॅक्स लावून घेतला पण डेन्व्हरहून बोल्डरला जाणारी ती लाइन वेस्टमिन्स्टरला येऊन थांबलीय, बोल्डरला जायला अजून बसच. आम्ही शेवटी ब्रूमफील्डमध्ये घेतलं, पण त्याआधी एक वर्ष भाड्याने राहून दोन्ही बाजूंना हिवाळ्यात सकाळी साडेसातला गाडी चालवून बघितली.