बॉबिनचा दोरा घेताय? आधी काट्यावर ठेवा

गणपतीच्या तोंडावर कुडाळ-कणकवली पट्ट्यात दोऱ्याचे एजंट फिरायला लागतात. शेले, मखराचे पडदे, मुंबईहून येणाऱ्यांचे ब्लाउज, सगळं एकदम अंगावर आलेलं असतं आणि कोल्हापूरला जाऊन माल आणायला सवड नसते. मी मशीनवर भरतकाम करते, आणि अशाच एका एजंटने मला बॉबिनच्या, म्हणजे मशीनच्या खालच्या छोट्या रिळाच्या, दोऱ्यात फसवलं. माणूस अजून फिरतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

फसवायला बॉबिनचा दोरा फार सोयीचा. वरच्या दोऱ्याचा रंग, चमक गिऱ्हाईक बघतं, आपणही बघतो. खालचा पांढरा, उलट्या बाजूला राहणारा, त्याच्याकडे कोण लक्ष देतंय? पण टाका त्याच्यावरच धरलेला असतो. वर साधारण ४० नंबरचा दोरा चालतो, खाली ६० किंवा ९० चा, म्हणजे अधिक बारीक. त्यामुळे नक्षीची पाठ जाड होत नाही आणि एका बॉबिनमध्ये लांबीही जास्त मावते. आता घोळ असा की नंबर वाढला की दोरा बारीक, आणि डेनियर (दोऱ्याच्या वजनावरून जाडी सांगणारं माप) वाढलं की जाड. विकणारा दोन्ही हिशेब एकाच दमात बोलतो आणि आपण मान हलवतो.

एजंटने दाखवलेला कोन, म्हणजे दोऱ्याचा मोठा रीळ, झकास होता. फिलामेंट (सलग लांब तंतूंचं) पॉलिएस्टर, १५० डेनियर, ५००० मीटर. मी त्याच्यासमोर बॉबिन भरून चालवून बघितला. भावही संशय यावा इतका पडेल नव्हता; तसा असता तर मी हातच लावला नसता. पैसे फोनवरून दिले, बिल ‘व्हॉट्सॲपवर टाकतो वहिनी’ म्हणाला, आणि माल दुसऱ्या दिवशी घरपोच आला.

खोक्यात वरचा थर नमुन्यासारखाच निघाला. खालचे कोन लावले तसा त्रास सुरू झाला. एरवी एका बॉबिनमध्ये उरकणारं काम अर्ध्यावर थांबायला लागलं. सॅटिन टाक्यातून, म्हणजे अक्षरं भरायच्या चिकटून घातलेल्या टाक्यातून, पांढरं वर डोकावू लागलं. कोनाच्या आत चक्क गाठी मारून जोडलेला दोरा होता, त्यात सुई मोडली ती वेगळीच. एका मंडळाच्या शेल्यावरची अक्षरं उसवून पुन्हा घालावी लागली, आणि उसवलेल्या साटिनच्या कापडावर भोकं राहतात ती राहतातच.

फोन केला तर उत्तर तयार: “वहिनी, तुमच्याकडची हवा दमट. पावसात दोरा फुगतोच. मशीनचं टेन्शन, दोऱ्याचा ताण, बघून घ्या.” हे इथे कुणालाही पटतं. शेजारच्या काकी म्हणाल्याच, “पावसात मीठ पाझरता, दोऱ्याचा काय घेवन बसलंस!” मग मेकॅनिक बोलावला. त्याने बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती धातूची डबी, उघडली, तर पट्टीच्या स्प्रिंगखाली कापसासारखी लव दाबून बसलेली. ती काढून माझ्याकडचा जुना दोरा घातला, ती डबी दोऱ्याला टांगून हलका झटका दिला. थोडी घसरून थांबली, म्हणजे ताण बरोबर. सॅटिन टाक्याच्या पाठीवर मधला एक तृतीयांश भाग पांढरा आणि दोन्ही कडांना वरचा रंग, हवा तसा आला. मशीन ठणठणीत होती. मेकॅनिकचे पैसे मात्र माझेच गेले.

आता हवेचं. पॉलिएस्टर वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के ओलावा धरतं. रेयॉन ११ ते १३ टक्के धरतं, त्याच्याबद्दल कुणी दमटपणाची तक्रार केली तर ऐकून घेईन. मी दोऱ्याचं टोक काडीला लावलं: वितळून कडक गोळी झाली. म्हणजे रेयॉन नव्हे, पॉलिएस्टरसारखा सिंथेटिक दोरा होता हे खरं, आणि म्हणूनच पावसाची सबब खोटी. मग पीळ उलगडून ओढलं, तर आखूड आखूड तंतू सुटून आले. फिलामेंटचे तंतू सलग लांब असतात. हे स्पन होतं, म्हणजे आखूड तंतू पिळून केलेलं. स्पन दोरा वाईट असतो असं नाही, शिवणकामाला उत्तमच आहे. फिलामेंट म्हणून विकला, ही लबाडी.

लांबीची चोरी काट्यावर उघडी पडते. डेनियर म्हणजे ९००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. १५० डेनियरचा ५००० मीटर दोरा साधारण ८३ ग्रॅम भरायलाच हवा, रिकामा कोन वजा करून. माझ्या कोनावर निव्वळ दोरा ६० ग्रॅमच्या आसपास निघाला. लेबलवरचं डेनियर खरं मानलं तरी ते ३६०० मीटर होतात, आणि हा दोरा तर त्याहून जाड, म्हणजे लांबी आणखी कमी. किराण्याच्या काट्यावर हा फरक नीट कळत नाही. सोनाराकडे जा, तो हसेल पण वजन करून देईल.

हे सगळं सांगितल्यावर एजंटचा सूर बदलला. “तुम्ही धंदा करता, ग्राहक कोर्ट तुमच्यासाठी नाही.” साफ खोटं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी माल घेणाराही ग्राहकच धरलाय, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. मी आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवली. अडचण एकच, बिल नाही. हातात आहेत ते पैसे पाठवल्याची नोंद, चॅट आणि खोक्याचे फोटो. खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत, काहीच नाही, आणि २०११ च्या पॅकबंद मालाच्या नियमांप्रमाणे हे सगळं छापलेलं असायला हवं.

मालवणच्या एका मैत्रिणीलाही असाच खोका दाखवलाय: पांढरा, वर फक्त ‘इम्पोर्टेड’चा सोनेरी स्टिकर. तुमच्या दारात आला तर तळातला कोन काढायला सांगा, आणि बिल हातात पडेपर्यंत पैसे पाठवू नका.