रॉयक्सॉपची एकच तबकडी घ्यायची असेल तर: ‘ज्युनिअर’ की ‘सीनियर’?

रॉयक्सॉप या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीचा ‘मेलडी ए. एम.’ हा पहिला अल्बम संग्रही आहे आणि त्यांची आणखी एकच तबकडी घेण्याची ऐपत आहे, अशा अवस्थेत मी बरेच दिवस काढले. निवड अखेर ‘ज्युनिअर’ (२००९) आणि ‘सीनियर’ (२०१०) या दोहोंवर येऊन ठेपली. नॉर्वेतील ट्रॉम्सोच्या या जोडीने हे अल्बम भावंडांसारखे काढले. थोरले मात्र नंतर आले आणि ते जवळजवळ मुकेच आहे.

‘ज्युनिअर’ची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. रॉबिन, कारिन ड्रेयर आणि लिक्के ली या तीन स्वीडिश गायिका, शिवाय ट्रॉम्सोचीच अनेली ड्रेकर, अशा पाहुण्यांनी घर गजबजलेले आहे. कामात बुडालेल्या जोडीदारावर जीव जडलेल्या स्त्रीची व्यथा रॉबिन ‘द गर्ल अँड द रोबोट’मध्ये ज्या तडफेने गाते, ती ऐकल्यावर स्वस्थ बसणे कठीण आहे.

मला मात्र हा गजबजाटच जाचू लागला. पाचव्या क्रमांकावर ‘रॉयक्सॉप फॉरएव्हर’ ही शब्दांविना रचना येते. तिच्यातील तंतुवाद्ये चढत जातात, आपण त्यांत हळूहळू बुडू लागतो, आणि ती संपते न संपते तोच लिक्के लीचा लाडिक आवाज समोर येतो. जणू डोळा लागलेल्या माणसाला कुणी हलवून चहा विचारावा. तिचे गाणे सुटे ऐकले तर गोड आहे, दोष असलाच तर क्रमाचा आहे. तरीही दर वेळी त्या जागी माझा हात आपोआप पुढे जाई, आणि सबंध अल्बम एका बैठकीत माझ्याकडून फारसा ऐकून झाला नाही.

‘सीनियर’च्या नऊ रचनांमध्ये गाणारे कोणी नाही. ‘ज्युनिअर’मध्ये कारिन ड्रेयरने गायलेले ‘ट्रिकी ट्रिकी’ येथे ‘ट्रिकी टू’ होऊन सावकाश उलगडते, आणि मूळ गाण्याच्या धांदलीत निसटलेले बरेच काही मला त्यात सापडले. अर्थात दिवसाउजेडी हा अल्बम रेंगाळल्यासारखा वाटू शकतो. आमच्या घरी तर ‘यात गाणे कधी सुरू होणार?’ अशी रास्त विचारणा झाली. ज्यांना चारचौघांत संगीत लावायचे असते, त्यांनी ‘ज्युनिअर’ घ्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मी रात्री एकटा ऐकतो. तबकडी ‘सीनियर’ची घेतली, ‘ज्युनिअर’मधली चार गाणी फोनवर आहेत.