घोड्याच्या ट्रेलरसाठी जुनी टाटा झेनॉन: गोव्याच्या हवेत आणि घाटात कितपत भरवशाची?

एक घोडा घातलेला ट्रेलर ओढायला 2.2 लिटर डायकोर डिझेल इंजिनची जुनी झेनॉन पिकअप चांगली गाडी आहे. मात्र घेतली आणि हूक लावून निघालो, असं तिच्या बाबतीत चालत नाही. इंजिनात कमी काही नाही: 140 पीएस, 320 न्यूटन-मीटर, आणि हा टॉर्क (ओढण्याची ताकद) मिनिटाला 1700 ते 2700 फेऱ्यांमध्ये मिळतो. भरल्या ट्रेलरसह चढ चढताना नेमका तोच पट्टा कामाला येतो. खर्च करायचा तो चॅसी, ब्रेक आणि वायरिंगवर.

आधी वजनाचं बघू. दोन घोड्यांच्या मापाचा ट्रेलर रिकामाच साधारण 900 ते 1000 किलोचा असतो. त्यात 450 ते 500 किलोचा एक घोडा चढला की दीड टनाच्या आसपास जातो. दोन घोडे घालून जुन्या झेनॉनने अनमोड किंवा चोर्ला घाट गाठू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचा आकडा दीड टनापेक्षा कमी असेल तर तोच पाळा.

किनाऱ्यावर, म्हणजे मोरजी, आश्वे, कोलवा या भागात वापरलेली गाडी असेल तर आधी ती लिफ्टवर चढवा. मागच्या क्रॉस मेंबरवर (चॅसीच्या आडव्या दांडीवर) आणि पाट्यांची टोकं जिथे चॅसीला जोडलेली असतात त्या शॅकल ब्रॅकेटजवळ हातोडीने ठोकून पाहा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, आतून गंजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे सुटतात. अंडरकोटचा ताजा काळा थर दिसला तर तो खरवडूनच बघा. इथे पोखरलं असेल तर गाडी सोडून द्या. हुकाचा सगळा ओढा याच भागावर येतो.

हूक बंपरला लावायचा नाही आणि चॅसीवर वेल्डिंगही करायचं नाही. चॅसीच्या दोन्ही लांब दांड्यांना प्लेट लावून बोल्टनेच बसवा. एम-12 (12 मिलिमीटरचे), 8.8 ग्रेडचे बोल्ट सुमारे 80 न्यूटन-मीटरला आवळा, टॉर्क रेंचनेच. हुकाचा गोळा 50 मिलिमीटरचा की 2 इंची, हे ट्रेलरच्या कपलरवर (गोळ्यावर बसणाऱ्या वाटीवर) कोरलेलं वाचून ठरवा. फरक 0.8 मिलिमीटरचाच, पण 50 चा कपलर 2 इंची गोळ्यावर पूर्ण बसत नाही आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतो. पिकअपची मागची बाजू उंच असते, म्हणून गोळा ड्रॉप प्लेटने (गोळा खाली आणणाऱ्या पट्टीने) इतका खाली घ्या की जोडलेला ट्रेलर सपाट उभा राहील. ट्रेलरचं नाक वर राहिलं तर त्याच्या मागच्या चाकांवर भार येतो आणि ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो.

ब्रेककडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे तर चार महिने हवाच भिजलेली. नवं डॉट-4 230 अंशांना उकळतं, ओलावा शिरलेलं 155 अंशांच्या आसपास. अनमोडच्या उतारावर पेडल मऊ होऊन खाली जायचं एक कारण हेच. दरवर्षी पावसाळा संपला की सगळं ऑइल बदला.

पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ सहसा भारानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी भाराने खाली बसली की त्याचा दांडा सरकतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. मेस्त्री हुकासाठी जादा पाटा घालून मागची बाजू उचलतो. मग भार असूनही व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक ड्रम अर्धवट काम करतात. पाटा वाढवला की दांडा पुन्हा सेट करून घ्याच. बहुतेक गॅरेजमध्ये हे काम राहून जातं. दांडा गंजून जाम झाला असेल तरी परिणाम तोच.

रेडिएटर बाहेरून-आतून साफ करून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा. क्लच तपासायला हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर ठीक. चालूच राहिलं तर प्लेट संपली.

ट्रेलरच्या दिव्यांसाठीच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये 3 नंबरची पांढरी वायर अर्थची. ती 2.5 चौरस मिलिमीटरची घेऊन थेट चॅसीवर, रंग खरवडलेल्या जागी बांधा. बरेच वायरमन गोळ्यातूनच अर्थ मिळतो असं धरून ती सोडून देतात. मग खाऱ्या हवेने गोळ्यावर थर चढला की ब्रेक दाबताना इंडिकेटर मंद पेटतात. सॉकेटमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा.

ट्रेलरची रबर मॅट उचलून खालची फळी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. घोड्याच्या मुताने लाकूड वरून धड दिसतं, पण कडेला आतून कुजलेलं असतं. एकच घोडा असेल तर तो उजव्या, चालकाच्या बाजूला उभा करा, कारण आपला रस्ता डावीकडे उतरता असतो. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि दोन साखळ्या रोज जोडायच्या. ट्रेलर आणि हूक यांच्या नोंदणीचं आरटीओत आधी विचारून घ्या.

ओव्हररन ब्रेकचा (पुढे रेटलं गेलं की आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा) ट्रेलर लांब उतारावर गाडीला मागून रेटत राहतो, त्यामुळे त्याचे ड्रम सतत तापतात. अनमोड घाटातून मोलेच्या बाजूला उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या, मध्येच सुरक्षित जागी थांबून ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एकच बाजू जास्त तापली असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. पहिल्या 100 किलोमीटरनंतर हुकाचे आणि पाट्यांच्या यू-बोल्टचे नट पुन्हा आवळा.